ईस्टर आणि रोजचं जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं रविवारची शाळा घेते. राख बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की फोनवर प्रश्न यायला लागतात. विचारणारे कोण? मुलांचे आईबाप, कॉलेजातली पोरं, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुना, शेजारपाजारचे हिंदू आणि मुसलमान मित्र. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण माझी बरीचशी उत्तरं तिथूनच निघतात. मरणातून पुन्हा उठलेला येशू चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेल्या त्याच्या कथांत, कुणाला मंदिरात भेटलेला नाही. तो भेटतो बागेत, रस्त्यावर, कड्या लावून बसलेल्या घरात, जेवणाच्या पानावर, मासे धरणाऱ्यांच्या काठावर. ज्यांना तो भेटला ती माणसं तेव्हा आपापल्या कामात होती, नाहीतर रडत होती.

१. ईस्टर म्हणजे नेमकं काय? तो नाताळपेक्षा मोठा सण आहे का?

वधस्तंभावर मरण पावलेला आणि कबरेत ठेवलेला येशू रविवारी पहाटे जिवंत उठला, त्याचा हा सण. मराठीत आपण पुनरुत्थानाचा दिवस म्हणतो. आणि हो, नाताळपेक्षा मोठा. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा केल्याच्या नोंदी चौथ्या शतकातल्या आहेत. पुनरुत्थान मात्र पहिल्या पिढीपासून पाळलं जात होतं, तेही वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला. आपण रविवारी उपासनेला जमतो ते याच कारणाने. ख्रिस्त उठलाच नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट, असं प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं आहे (१ करिंथ १५). नाताळबद्दल असं कुणी लिहिलेलं नाही.

२. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते? कॅलेंडर न बघता ती काढता येईल का?

पौर्णिमा आणि अमावास्या पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. सगळ्या मंडळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा असा निर्णय ३२५ साली नायसियाच्या परिषदेत झाला. या हिशेबाने ईस्टर लवकरात लवकर २२ मार्चला आणि उशिरात उशिरा २५ एप्रिलला येतो.

म्हणजे तो कधी होळीच्या पौर्णिमेमागून येतो, कधी हनुमान जयंतीच्या. २०२४ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आला. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलची आणि ईस्टर ५ एप्रिलचा. २०२७ मध्ये पुन्हा होळीमागून, २८ मार्चला.

दोन अपवाद लक्षात ठेवा. पौर्णिमा रविवारीच आली तर ईस्टर त्याच दिवशी धरत नाहीत, पुढच्या रविवारी धरतात. २०२५ मध्ये तसं झालं आणि तो २० एप्रिलला आला. दुसरं, चर्च आकाशातला चंद्र पाहत नाही, जुन्या कोष्टकातली पौर्णिमा धरतं. २०१९ मध्ये भारतात पौर्णिमा २१ मार्चला सकाळी पूर्ण झाली, पण कोष्टकात ती २० मार्चची होती. एका दिवसाच्या फरकाने सण महिनाभर पुढे गेला, २१ एप्रिलला. त्या वर्षी पंचांग पाहून ज्यांनी तारीख काढली त्यांची चुकली. पूर्व युरोपातल्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या अजून जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरतात, म्हणून त्यांचा ईस्टर बहुधा नंतर येतो.

३. राख बुधवारापासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. मग ‘चाळीस दिवसांचा उपवासकाळ’ कसा?

मधले सहा रविवार वजा करा, चाळीस उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. या काळात क्रमाने येणारे दिवस असे. राख बुधवारी कपाळावर राख लावतात, आणि ती आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या यरुशलेमप्रवेशाची आठवण. पवित्र गुरुवारी शेवटचं भोजन आणि शिष्यांचे पाय धुणं. मग शुभ शुक्रवार, आणि रविवारी पहाटे ईस्टर. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्रीच जागरणविधी होतो. अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या. कॅथलिक नसलात तरी एकदा तरी पाहा. अंधार हळूहळू कसा हटतो ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत दिसतं.

४. शुभ शुक्रवारी ख्रिस्ती मित्राला शुभेच्छा द्यायच्या का?

नको. नावात ‘शुभ’ आहे, काही मंडळ्या ‘उत्तम शुक्रवार’ म्हणतात, पण तो मरणाचा दिवस आहे. तुम्ही प्रेमाने फुलांची चित्रं पाठवता हे आम्हाला कळतं, तरी त्या दिवशी ती वाचताना जीव कसानुसा होतो. बहुतेक चर्चमध्ये दुपारी १२ ते ३ उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. घरात त्या दिवशी साधं जेवण आणि शांतता. तुम्हाला काही लिहायचंच असेल तर ‘आज तुमची आठवण आली’ एवढं पुरे.

रविवारी मात्र मनमोकळ्या शुभेच्छा द्या. आम्ही एकमेकांना ‘प्रभू उठला आहे!’ म्हणतो आणि समोरचा ‘खरोखर उठला आहे!’ म्हणतो. तुम्ही नुसतं ‘हॅपी ईस्टर’ म्हणालात तरी आनंदच होईल.

५. शुक्रवारी संध्याकाळी पुरलं आणि रविवारी पहाटे उठला. हे तीन दिवस कसे?

मराठी माणसाने हा प्रश्न विचारला की मी त्यालाच विचारते, रविवारी तुम्ही कुणाला ‘आठ दिवसांनी ये’ म्हणालात तर तो कधी येतो? पुढच्या रविवारीच ना? मधे रात्री सातच गेल्या. आपण आजचा दिवसही मोजतो. दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो तेही तसंच. यहुदी लोकांची मोजणी हीच होती. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन, मग शुक्रवारचा तासभरच का उरलेला असेना. योहानानेही थोमा या शिष्याला येशू ‘आठ दिवसांनी’ भेटला असं लिहिलं आहे, आणि तो दिवस रविवारच होता.

मत्तयात ‘तीन दिवस व तीन रात्री’ आहे, तिथे बरेच जण अडतात. पण बायबलातलं एस्तेर राणीचं पुस्तक उघडा. ती लोकांना तीन दिवस, रात्रंदिवस उपास करायला सांगते आणि तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते. बोलण्याची ती पद्धत होती, घड्याळाचा हिशेब नव्हे.

६. उपवासकाळात साबुदाण्याची खिचडी चालते का? मधुमेह असेल तर काय करावं?

चालते. आपल्याकडे उपासाला ‘काय चालतं’ याची यादी असते, म्हणून हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. ख्रिस्ती उपवासात अशी यादी नाही. कॅथलिक नियम असा की राख बुधवारी आणि शुभ शुक्रवारी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोनदा थोडंसं खायचं, आणि १४ वर्षांवरच्या सगळ्यांनी मांस वर्ज्य करायचं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सक्ती नाही, ज्याचा त्याचा निर्णय. मधुमेही, गरोदर आणि बाळंतीण बाया, आजारी माणसं यांनी उपाशी राहू नये. त्यात काही उणेपणा नाही.

पण खिचडीच्या वर मला काही सांगायचं आहे. बायबलात यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात देव विचारतो, मला आवडतो तो उपवास कोणता? आणि पुढे उत्तर आहे : भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, उघड्याला वस्त्र दे, आपल्याच माणसांपासून तोंड लपवू नकोस. तुम्ही चाळीस दिवस मटण सोडलंत, तर त्याचे पैसे डब्यात टाका आणि ईस्टरआधी कुणाच्या तरी घरी किराणा पोचवा. मोबाइल सोडलात तर तो वेळ ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याला द्या. मटण सोडणं त्यापुढे फार सोपं आहे, हे मी अनुभवाने सांगते.

७. अंडी आणि ससा कुठून आले? ‘ईस्टर म्हणजे इश्तार देवीचा सण’ असा मेसेज फिरतो, तो खरा का?

खरा नाही. इश्तार ही बाबिलोनची देवी, नावाचा उच्चार जवळचा वाटतो एवढंच. ‘ईस्टर’ हे इंग्रजी नाव आहे. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या साधूने आठव्या शतकात लिहून ठेवलं की एऑस्त्रे देवीवरून त्या महिन्याला जुन्या इंग्रजीत तसं नाव होतं. बहुतेक भाषांत या सणाचं नाव ‘पेसाह’ या हिब्रू शब्दावरून येतं, म्हणजे आपल्या मराठी बायबलातला यहुदी लोकांचा वल्हांडण सण. गोव्यातले शेजारी कोकणीत ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात ते यावरूनच. येशूचं मरण वल्हांडणाच्या दिवसांतच झालं. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी याच सुमाराला त्यांचा वल्हांडण पाळतात.

अंड्यांचं कारण घरगुती आहे. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना ते कोण सांगणार? अंडी साठत आणि ईस्टरला वाटली जात. पूर्वेकडच्या मंडळ्या ती लाल रंगवतात. कवचातून पिलू बाहेर येतं तसा ख्रिस्त कबरेतून, हा अर्थ त्याला जोडला गेला. ससा जर्मनीतून आला आणि त्याला शास्त्राचा आधार नाही. मुलांना वसईच्या किंवा गोव्याच्या बेकरीतलं काजूच्या मार्झिपानचं अंडं जरूर आणा, पण गोष्ट ससोबाची सांगू नका.

८. लहान मुलांना मरण आणि पुनरुत्थान कसं समजवायचं?

झावळ्यांच्या रविवारी मुलांच्या हातून गहू पेरून घ्या. नवरात्रात घटाच्या परडीत गहू कसे उगवतात ते आपल्याकडे सगळ्या मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे फार सांगावं लागत नाही. चहाच्या कागदी कपाला खाली भोक पाडायचं, माती भरायची, भिजवलेले दहा दाणे बोटाच्या एका पेराइतके खोल घालायचे. शुक्रवारी फार काही दिसत नसतं. रविवारी हिरवी टोकं वर आलेली असतात.

एकदा वर्गातली सहा वर्षांची मुलगी रोज दाणे उकरून बघत होती. रविवारी सगळ्यांचे कप हिरवे आणि तिचा कप काळा. ती ओक्साबोक्शी रडली. मी तिला नवा कप दिला आणि म्हटलं, शनिवार हा न उकरण्याचा दिवस आहे. पुढच्या वर्षी तिने कपावर ताटली झाकून ठेवली होती! मला मात्र त्या रविवारपासून पवित्र शनिवार कळायला लागला. शिष्यांना तो दिवस नुसता काढायचा होता, पुढे काय आहे ते ठाऊक नसताना. आपल्याही आयुष्यात शनिवार फार असतात.

मुलांना ‘येशू झोपला होता’ असं सांगू नका. पुढे घरात कुणी गेलं तर ती झोपायला घाबरतात. ‘तो खरंच मेला होता आणि देवाने त्याला उठवलं’ असं सरळ सांगा. मुलं आपल्यापेक्षा धीराची असतात.

९. मी शेतीचं शिक्षण घेतलं आहे. मेलेलं बी उगवत नाही. मग ‘गव्हाचा दाणा मेला नाही तर एकटाच राहतो’ हे वचन चुकीचं नाही का?

हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणाऱ्याने वचन नीट वाचलेलं असतं. योहान १२:२४ मध्ये येशू उगवणशक्ती शिकवत नाही, स्वतःच्या मरणाबद्दल बोलतो आहे. तरीही तुमच्या शास्त्रातूनच पाहू. दाण्यातला अंकुर जिवंत असतो हे खरं. पण तो वाढतो कशावर? दाण्यातल्या पिठावर. पंधरा दिवसांनी रोप उपटून पाहा, खाली रिकामं टरफल राहिलेलं असतं. दाणा म्हणून जो होता तो संपला. कणगीत जपून ठेवलेला दाणा दाणाच राहतो, मग एक दिवस त्याला कीड लागते.

आमच्या भागात दुष्काळात लोक पोटाला चिमटा घेऊन बियाणं राखत आणि पेरत. घरात पोरं उपाशी असताना मूठभर ज्वारी मातीत टाकायची, याला काय काळीज लागत असेल! ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

१०. पहाटे उठून डबे, मुलं, नोकरी, रात्री भांडी. प्रार्थनेला बसायला वेळ मिळत नाही. माझा विश्वास कमी पडतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बायकांकडूनच येतो. ताई, पहिला ईस्टर ज्यांना कळला त्या बायका पहाटे उठून कामालाच निघाल्या होत्या. शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस, लागत होता म्हणून प्रेताला नीट सुगंधद्रव्यं लावता आली नव्हती, ते राहिलेलं काम पुरं करायला. बाकीचे शिष्य दारं लावून बसले होते.

मार्कने एक बारीक गोष्ट टिपली आहे. वाटेत त्या एकमेकींना विचारत होत्या, कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? उत्तर कुणाजवळच नव्हतं, तरी त्या परत फिरल्या नाहीत. हातात भांडी होती, पावलं चालत होती. आपलंही रोज असंच नसतं का? फीचे पैसे कुठून येणार माहीत नाही, सासूबाईंचं ऑपरेशन कसं होणार माहीत नाही, पण सहाला गॅस पेटवायचाच असतो. त्या गॅस पेटवण्याला मी विश्वास म्हणते. त्या पोचल्या तेव्हा धोंड लोटलेली होती.

मग त्या बायकांतली मग्दालीया मरीया. ती येशूला माळी समजली. मला वाटतं त्याचं दिसणं बागेत काम करणाऱ्या माणसासारखंच असणार, झगमगीत काही नसणार. तिने त्याला ओळखलं ते त्याने तिचं नाव घेतलं तेव्हा. हाक मारण्याची लकब आपण अंधारातही ओळखतो.

आणि अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं. यरुशलेमेपासून सुमारे अकरा किलोमीटर तो त्यांच्याबरोबर चालला, शास्त्र उलगडून सांगितलं, तरी ओळख पटली नाही. घर आल्यावर तो पुढे निघाला तर यांनी आग्रह केला : संध्याकाळ झाली, दिवस उतरला, आमच्याकडे राहा. आपल्याकडचं ‘जेवल्याशिवाय जायचं नाही’ तेच हे. भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखलं. प्रवचनात कळलं नाही ते पानावर कळलं.

म्हणून वेगळा तास मिळत नसेल तर कणीक तिंबताना प्रार्थना करा. मी करते. पाणी घालताना घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं. पीठ आधी बोटांना चिकटतं, मग सुटायला लागतं, तोवर सगळी नावं झालेली असतात. ज्याच्यावर राग आहे त्याच्या नावाला कणीक जरा जास्त तिंबली जाते, तेही चालतं. गोळा झाकून ठेवला की ‘आमेन’. येशूने स्वर्गाच्या राज्याला पिठात खमीर कालवणाऱ्या बाईची उपमा दिली आहे, आणि पीठ तीन मापं, म्हणजे गावजेवणाला पुरेल इतकं. रात्री विरजण लावून आपण झोपतो, सकाळी दही झालेलं असतं. रात्रभर उठून ढवळत बसलो तर ते लागायचं नाही.

रविवारची उपासना मात्र सोडू नका. ही सोय आठवड्याच्या सहा दिवसांची आहे.

११. ईस्टरला टाळ-मृदंगावर भजन म्हटलेलं चालेल का? आमच्या काही तरुणांना ते ‘ख्रिस्ती’ वाटत नाही.

चालेल म्हणजे काय, ते आपलंच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला १६१६ साली छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्यांत ख्रिस्ताची कथा, पुनरुत्थानासकट. नगरकडे जी मंडळी वाढली तिच्यामागे १८३१ साली अहमदनगरला सुरू झालेलं अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे, आणि त्याच मंडळींत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत रुजवलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. त्या गेल्या १९२२ साली ५ एप्रिलला, ऐन उपवासकाळात. गिटार वाजवा, माझी ना नाही. पण टाळांना परके म्हणू नका.

१२. कबरेत रुमाल घडी करून ठेवला होता, म्हणजे ‘मी परत येतोय’ अशी खूण, हा मेसेज खरा आहे का?

मेसेज असा : यहुदी घरात धनी जेवता जेवता उठला आणि रुमाल घडी करून ठेवला तर त्याचा अर्थ तो परत येणार आहे. अशा प्रथेचा प्राचीन यहुदी लिखाणात पुरावा नाही. शिवाय योहान २०:७ मधला रुमाल जेवणाचा नाही, प्रेताच्या डोक्याला गुंडाळलेला आहे. कृपा करून तो पुढे पाठवू नका. खऱ्या गोष्टीला खोट्याचा टेकू दिला की ऐकणाऱ्याला खरंही खोटं वाटायला लागतं.

वचनात आहे तेच पुरेसं आहे. प्रेत चोरणारा कापडं उलगडत आणि रुमाल वेगळा ठेवत बसत नाही. येशूने मरणातून उठवलेला लाजर कबरेतून बाहेर आला तेव्हा हातपाय बांधलेलेच होते, दुसऱ्यांना ते सोडावे लागले, आणि तो पुढे पुन्हा मरणारच होता. येशूची कापडं मागे राहिली, कारण त्याला ती पुन्हा लागणार नव्हती.

१३. कबरेवर नक्की किती बाया गेल्या? चार शुभवर्तमानांत चार आकडे का?

मत्तय दोघींची नावं देतो, मार्क तिघींची, लूक तिघींची नावं देऊन ‘आणखी बाया’ म्हणतो, योहान एकट्या मग्दालीया मरीयेबद्दल लिहितो. पण योहानातली मरीया काय म्हणते ते बघा : त्याला कुठे ठेवलं ते ‘आम्हाला’ माहीत नाही. म्हणजे ती एकटी नव्हती. तुमच्या घरच्या लग्नाला कोण कोण आलं होतं ते चौघांना विचारून पाहा, जो तो आपल्या जवळच्यांची नावं सांगेल.

मला यात दुसरंच मोलाचं वाटतं. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. लूक लिहितो की प्रेषितांनाही त्यांचं बोलणं बरळणं वाटलं. ही कथा रचूनच सांगायची असती तर पहिल्या साक्षीदार बाया कुणी केल्या नसत्या.

१४. मी तीच चूक पुन्हा पुन्हा करतो. दर ईस्टरला ठरवतो आणि महिन्याभरात मोडतो. कोणत्या तोंडाने चर्चमध्ये जाऊ?

येशूचा शिष्य पेत्र ज्या तोंडाने गेला त्या. योहानाचं शुभवर्तमान काढा आणि दोन जागा शेजारी ठेवून वाचा, १८:१८ आणि २१:९. पहिल्या जागी महायाजकाच्या अंगणात थंडी म्हणून कोळशाचा विस्तव पेटवला आहे. पेत्र तिथे शेकत उभा आहे आणि ‘मी त्याचा शिष्य नाही’ म्हणतो आहे. दुसऱ्या जागी सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव. आता तो येशूने पेटवला आहे, त्यावर मासळी भाजते आहे, शेजारी भाकर आहे.

रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नव्हतं, मग येशूच्या शब्दावर एकशे त्रेपन्न मासे लागले. कुणीतरी ते मोजलेले आहेत, कोळ्यांशिवाय कोण मोजणार! येशू त्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. आधी खायला घातलं. विचारणं नंतर, तेही ‘असं का केलंस’ नव्हे, ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ तीनदा नाकारलं होतं, तीनदाच विचारलं. आणि प्रत्येक वेळी काम सोपवलं : माझी मेंढरं चार.

कोळशाच्या धुराचा वास पेत्राच्या नाकात जाताच त्याला ती रात्र आठवली असणार, असं मला नेहमी वाटतं. तो वास टाळून चालणार नव्हतं. तुम्हीही घरातल्या ज्या माणसाला दुखावलं आहे त्याच्याकडे आधी जा. व्यसनाचा प्रश्न असेल तर पाळकांशी बोलाच, पण डॉक्टरांकडेही जा.

१५. माझे पती हिंदू आहेत. ते ईस्टरच्या उपासनेला येऊ शकतात का? प्रभुभोजन घेऊ शकतात का? पुरणपोळी केली तर?

उपासनेला जरूर यावं, दार उघडंच असतं. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, कॅथलिक चर्चमध्ये तर कॅथलिकांसाठीच. प्रोटेस्टंट मंडळ्यांत नियम वेगवेगळे आहेत, म्हणून तुमच्या पाळकांना आधी विचारून घ्या. त्या वेळी ते जागेवर बसून राहिले तर कुणी काही म्हणणार नाही, आणि म्हणालंच तर चूक म्हणणाऱ्याची. पुरणपोळी करा, बिर्याणी करा. ईस्टरला ठरलेलं पक्वान्न नाही. काय केलंत त्यापेक्षा कुणाला जेवायला बोलावलंत ते बघा (प्रश्न १० मधले अम्माऊसचे दोघं आठवा).

१६. या वर्षी आमच्या घरातलं माणूस गेलं. वर्षभर सण करायचा नाही असं मोठी माणसं म्हणतात. ईस्टरचं काय?

बाकीचे सण तुम्ही घरच्यांचं मन राखून ठरवा. ईस्टरबद्दल माझं मत असं की त्या घराने तो टाळू नये, कारण हा सण सुरूच कबरेपाशी झाला. नवे कपडे नकोत, पाहुणे नकोत, गोडधोड नको. पण चर्चला या. मागच्या बाकावर बसा, गाणं म्हणवत नसेल तर म्हणू नका.

लोक सांत्वन करताना ‘तो देवाजवळ आहे, रडू नका’ म्हणतात. ते मनावर घेऊ नका. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. पुढच्या काही क्षणांत आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. आणि स्वतः उठला तेव्हा त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते, थोमाला त्याने तेच दाखवले. पुनरुत्थानाने जखम पुसलेली नाही.

आमच्याकडे ईस्टरला पहाटे उपासनेआधी कबरस्तानात जातात. आई गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा तिच्या कबरेवर गेले. हातात झाडू, बादली, झेंडूची फुलं. पालापाचोळा झाडला, माती बसावी म्हणून पाणी शिंपडलं, आणि लक्षात आलं की त्या पहाटे निघालेल्या बायकांसारखीच मीही कामाला आले होते. मेणबत्ती लावली तर वाऱ्याने दर वेळी विझायची. शेजारच्या कबरेवर आलेल्या एका आजीबाईंनी पिशवीतून पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा काढून दिला, तो मेणबत्तीभोवती ठेवला. मेणबत्ती टिकली. आता मीही पाचसहा तुकडे कापून नेते. बाटली मधोमध कापायची, झाकणाकडचा अर्धा भाग टाकून द्यायचा, उरलेल्याचा बूड काढायचा आणि तो मातीत बोटभर रोवायचा, नाहीतर तोच उडून जातो. तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल तर एक स्वतःसाठी घ्या आणि एकदोन जास्तीच्या ठेवा.